गाडीवरचं मेण

माझ्या सासऱ्यांचा त्यांच्या गाडीवर जेवढा जीव होता, त्याच्या पावपट जरी घरातल्या माणसांवर असता तरी आमचं बरं चाललं असतं. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंतपणी तोंड मिटून पुष्कळ ऐकलं, आता माझी पाळी. आमच्या घरातली बोली वेगळी, ती इथं तशीच लिहिली तर निम्म्या लोकांना कळायची नाही, म्हणून साध्या भाषेत लिहिते.

मी लग्न होऊन वसईकडच्या नंदाखालला, आमच्याच ख्रिस्ती समाजातल्या घरात आले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. घरात माणसं मोजकी. सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि मी. नवरा वसईला कचेरीत होता, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. सासरे मुंबईतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा साहेब नोकरी संपवून परदेशी गेला, तेव्हा त्याची गडद निळी गाडी यांनी घेतली. आमच्या आळीत तेव्हा सायकली होत्या, बैलगाड्या होत्या, एकदोन फटफट्या होत्या. केळीच्या बागेतून ती निळी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा म्हणे लोक चर्चमधून उठून बघायला आले होते.

गाडीबरोबर साहेबाच्या ड्रायव्हरनं एक पसरट गोल डबा दिला होता. परदेशी मेण, गाडीच्या रंगावर लावायचं. तो डबा सासऱ्यांच्या कपाटात, कुलपात. आणि ते लावायचे नियम दहा आज्ञांच्या वरचे. गाडी उन्हात असताना लावायचं नाही. आधी धुवायची, धूळ राहिली तर फडक्याखाली घासून ओरखडे उठतात. मग कोरडी करायची. मेण एवढंसं घ्यायचं, एका वेळी परातीएवढीच जागा करायची, पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. तो थर धुरकट झाला, बोट फिरवल्यावर चिकटेनासा झाला, की मऊ फडक्यानं पुसून काढायचा. नियम चांगले होते, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडे वारा समुद्राचा, खारा. विहिरीचं पाणी मचूळ, सुकलं की पांढरे ठिपके सोडतं. झाडांवर वटवाघळं. अशा जागी गाडीला मेण नसेल तर रंग बघता बघता मरतो, खडूसारखा पांढुरका पडतो, आणि कुठं टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो.

पण हे नियम पाळायचे कुणी? तर मी. मला सातवा महिना होता तेव्हाही दर पंधरवड्याला गाडीभोवती वाकून मीच असायचे. सासरे खुर्ची टाकून बसत. झालं म्हटलं की उठत, दारावरून उलटी बोटं फिरवत आणि कुठंतरी थर राहिलेला हमखास सापडत असे. मग सगळं दार पुन्हा. एकदा मला घेरी आली, मी चाकाजवळ बसले. ते आधी बघायला आले ते माझी बांगडी रंगाला घासली की काय. त्या दिवसापासून काचेच्या बांगड्या काढून ठेवूनच गाडीला हात लावायचा असा हुकूम झाला. सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन राहिलेलं दार त्यांनी पुसलं.

सासूबाई बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी मला पहिल्याच वर्षी दाखवली. पेटीच्या तळाशी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली अर्धी जळालेली मेणबत्ती. जाडजूड, मधाच्या रंगाची, खऱ्या मधमाशीच्या मेणाची. त्यांच्या वडिलांनी घरी ओतलेली. फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण असतो, त्या दिवशी चर्चमध्ये नेऊन फादरांचा आशीर्वाद घेतलेली. आमच्यात अशी मेणबत्ती प्रत्येक घरी असते. वादळ आलं तर पेटवतात, आणि घरात कुणी जायला टेकलं की त्याच्या हातात पेटती देतात, म्हणजे पलीकडे जाताना अंधार लागत नाही.

ही मेणबत्ती त्यांनी त्यांच्या थोरल्या मुलीच्या हातात दिली होती. माझ्या नवऱ्याच्या आधीची मुलगी, शाळेतही न गेलेली, तापानं गेली. मेणबत्ती अर्धी झाली आणि ती गेली. उरलेली अर्धी सासूबाईंनी स्वतःसाठी ठेवली होती. मला म्हणाल्या, मी जाईन तेव्हा हीच माझ्या हातात दे, बाजारातली दुसरी देऊ नकोस. मी विचारलं, का हो आई, आशीर्वाद सगळ्याच मेणबत्त्यांना असतो ना? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही.

"ती गेली तेव्हा माझे केस काळे होते. आता ती मला कशी ओळखणार? हा उजेड ओळखेल."

आता कुणी हसेल, अडाणी बाई म्हणेल. म्हणा. पण तिची पोरगी होती, आणि म्हातारपणी तिला एवढीच एक चिंता होती. सासऱ्यांना हे माहीत होतं. मुलगी त्यांचीही होती.

तर परदेशी डबा संपला. संपणारच, अक्षय पात्र थोडंच होतं ते. सासरे वसईच्या बाजारात हिंडून आले, तसं मेण कुठं मिळेना. मग सुरू झाले प्रयोग. आम्ही नारळीच्या बागांतली माणसं, आम्हाला डोकं दुखलं तर खोबरेल, बिजागरी वाजली तरी खोबरेल. शेजाऱ्यांनी तेच सुचवलं. गाडी दोन दिवस आरशासारखी दिसली, मग रस्त्यावरची सगळी धूळ तिच्यावर येऊन बसली, बेसनात घोळवून काढल्यासारखी. शिव्या मला, मी तेल जास्त लावलं म्हणून. मग लादीचं पॉलिश झालं, बुटाचं पॉलिश झालं. सातिवलीच्या बाजूला तेव्हा नवे कारखाने निघत होते, तिथल्या एका रंगाच्या शेडमधून त्यांनी घासायचं पॉलिश आणलं. त्यानं चकाकी आली खरी, पण ते रंगच कातरून चकाकी आणत होतं. पुढच्या मडगार्डाच्या कडेला खालचं राखाडी अस्तर दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. त्या मडगार्डासाठी हा माणूस जेवला नाही. पोरगी गेली तेव्हा जेवला होता, सासूबाईंनीच सांगितलंय.

मग कुणीतरी सांगितलं की खरं संरक्षण मेणाचं, बाकी सगळा देखावा. यांनी दुकानातल्या पांढऱ्या मेणबत्त्या आणून रॉकेलमध्ये वितळवल्या. ते मेण उन्हात पांढरं फुटलं, खरवडून काढताना माझी नखं गेली. पुढे डोंगराकडून मध विकायला येणाऱ्यांकडून पोळ्याचं मेण घेतलं. ते नीट गाळायला हवं होतं, यांना तेवढा दम कुठला. मेणात मध राहिला आणि दुसऱ्या दिवशी निळ्या गाडीवर मुंग्यांची रांग. नवऱ्याला हसू आलं. सासऱ्यांनी त्याच्या थोबाडीत मारली, बायकोसमोर, बाप होऊ घातलेल्या माणसाच्या. तो गालाला हात लावून आत गेला, आणि मला त्या दिवशी दोघांचाही राग आला.

त्यातच ती बातमी आली. आमच्या चर्चमध्ये मुलांच्या दृढीकरणाच्या विधीला मुंबईहून बिशप यायचे होते. ते आगगाडीनं येणार होते आणि स्टेशनपासून त्यांना आणायला फादरांनी आमची गाडी मागितली. सासऱ्यांचे पाय जमिनीवर राहिनात. गावभर सांगून आले. मग गाडीकडे बघितलं. रंग अर्धा मेलेला, टपावर त्या मुंग्या लागलेल्या मधाचे ओघळ, पाणी टाकलं तर फडक्यासारखं पसरायचं. मेण असलेल्या रंगावर पाण्याचे थेंब गोल, वेगवेगळे उभे राहतात. थेंब उभे राहिले तर मेण आहे, पाणी सपाट पसरलं तर मेण गेलं, अशी त्यांची परीक्षा होती आणि ती आम्हाला सगळ्यांना पाठ होती.

बिशप यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी सासू-सुना चर्चमध्ये फुलं लावायला गेलो होतो. दुपार कलली तेव्हा परत आलो. दारातच मधाचा वास आला. गोड, जड, चुलीवर काहीतरी कढल्यासारखा. सासूबाईंचे पाय तिथंच थांबले. मला कळलं नव्हतं, त्यांना कळलं होतं. त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. चुलीशेजारी त्यांची कालवणाची कढई, तळाशी पिवळट पापुद्रा. राखेत वातीचा काळा दोरा पडलेला. पेटी उघडी, पांढरं फडकं तिथं नव्हतं. फडकं सासऱ्यांच्या हातात होतं, बाहेर, गाडी पुसत होते.

त्यांनी टर्पेंटाइन घालून झकास मलम केलं होतं. कशाला खोटं बोलू, इतकी सुंदर ती गाडी परदेशी मेणानंही कधी दिसली नव्हती. निळा रंग खोल झाला होता, विहिरीत बघावं तसा. सासूबाई अंगणात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाबा, हे काय केलंत. त्यांनी हात थांबवला नाही.

"पोरगी गेली ती गेली. मेण कशाला वाया घालवायचं? बिशपांची गाडी आहे, तिच्या आत्म्याला पुण्यच लागेल."

वर म्हणाले, आशीर्वादाचं मेण आहे, अपघातही व्हायचा नाही. आणि बायकोला म्हणाले, वसईहून तुला डझनभर मेणबत्त्या आणून देतो, पाहिजे तेवढ्या हातात धरून मर. शपथेवर सांगते, ते हसत होते. चेष्टा करत होते. त्यांना त्यात काही वाईट दिसतच नव्हतं, आणि मला अजून कळत नाही की हे जास्त वाईट की जाणूनबुजून केलेलं जास्त वाईट. नवरा संध्याकाळी आला, मी त्याला सांगितलं. तो अंगणात जाऊन गाडी बघून आला आणि म्हणाला, आता उद्याचं होऊन जाऊ दे. मी त्याला जेवायला वाढलं नाही, त्यानं आपलं आपण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बिशप आले. उतरताना त्यांनी दारावरून हात फिरवला, गाडी किती छान ठेवली आहे म्हणाले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. ते वाक्य सासऱ्यांनी पुढं कित्येक वर्षं वाजवलं. सासूबाई गर्दीत उभ्या होत्या. सगळ्यांनी वाकून बिशपांच्या अंगठीला ओठ लावले, त्या पुढं गेल्या नाहीत.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, माहेरी गेल्या नाहीत. गेल्या असत्या कुठं, माहेरी होतं कोण. स्वयंपाक करत होत्या, कपडे धूत होत्या, फक्त त्या गाडीत पुन्हा कधी बसल्या नाहीत. लग्नाला, मयताला, सणाला, सासरे गाडीनं जायचे आणि या मागून पायी. लोक विचारायचे. त्या म्हणायच्या, मला गाडी लागते.

पण एक मी बघितलं होतं, ते दुसऱ्या कुणी बघितलं नाही. दर आठवड्याला, सासरे बागेत गेले की त्या पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी जायच्या. बॉनेटवर ओंजळभर पाणी टाकायच्या आणि वाकून बघत राहायच्या. थेंब उभे राहायचे. मग पदरानं टिपून परत यायच्या. एकदा त्यांनीच मला विचारलं, हे किती दिवस टिकतं गं? मला खरं उत्तर माहीत होतं, आमच्या खाऱ्या हवेत दोनतीन महिने. मी म्हटलं, पुष्कळ टिकतं, आई. त्यांनी मान हलवली. धुताना सासऱ्यांनी सोडा घातला की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. एरवी गाडीचं काम माझं, आता धुवायला त्या स्वतः पुढं व्हायच्या, साध्या पाण्यानं, हलक्या हातानं. सासरे म्हणाले, बघ, म्हातारीलाही गाडीची गोडी लागली.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत एकदा त्या तांब्या घेऊन गेल्या त्या लवकर परत आल्या नाहीत. मी बघायला गेले. बॉनेटवर पाणी सपाट पसरलं होतं. त्यांनी टपावर टाकून बघितलं, दारावर बघितलं, मागं डिकीवर बघितलं. सगळीकडे तेच. त्या गाडीच्या चाकाला टेकून मातीत बसल्या आणि रडल्या. पोरगी गेल्यावर बाई रडते तसं, आवाज काढून. मी त्यांना धरलं. बागेतून सासरे ओरडले, कोण मेलं म्हणून.

त्यानंतर काही वर्षांनी सासरे आजारी पडले. ऐंशी साल उलटून गेलं होतं तेव्हा, माझी पोरं शाळेत जात होती. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. सासूबाईंनी सेवेत कसूर केली नाही, हेही सांगायला हवं. अंग पुसलं, पेज भरवली, रात्री जागल्या. गावातल्या बायका मला म्हणायच्या, तुझी सासू देवमाणूस आहे. मी सासूबाईंच्या डोळ्यांकडे बघत होते.

फादर येऊन शेवटचं तेल लावून, प्रार्थना म्हणून गेले त्या दुपारी सासऱ्यांना कळून चुकलं. इतकी वर्षं माणसाला कशाची भीती म्हणून वाटली नव्हती, ती सगळी एकदम आली. हात चाचपडायला लागले. मेणबत्ती म्हणाले. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. बायकोकडे बघून म्हणत होते. खोलीत सासूबाई, मी, माझा नवरा आणि शेजारची म्हातारी. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि अगदी हळू, प्रेमानं बोलावं तसं म्हणाल्या,

"ती तुम्ही गाडीला लावलीत. आता गाडीनंच जा."

नवऱ्यानं मान खाली घातली. शेजारची म्हातारी चपापली, मग उठून लगबगीनं स्वतःच्या घरी गेली आणि तिथल्या अल्तारावरची, म्हणजे देवाच्या वेदीवरची, आशीर्वादाची मेणबत्ती पेटवून, हाताच्या आडोशानं घेऊन आली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. तिच्या हातातून मेणबत्ती घेतली, फुंकून विझवली आणि परत तिच्या हातात दिली. म्हणाल्या, तुझ्या घरी लागेल, ठेव. म्हातारीनं अंगावर क्रुसाची खूण केली आणि निघून गेली. सासरे सगळं बघत होते. त्यांची नजर त्या धुराकडे होती. हात वर करून बोटं उघडमीट करत राहिले, आणि तसेच उघड्या हातानं गेले.

मला तेव्हा बरं वाटलं, अगदी गार वाटलं. गाडी नवऱ्यानं महिन्याभरात विकून टाकली. वसईचा एक माणूस घेऊन गेला. रंग पार गेला होता, त्याला काय, तो नवीन रंग मारणार होता.

मला वाटलं होतं, आता सासूबाई सुटल्या. हिशेब मिटला, आता नातवंडं खेळवतील. तसं झालं नाही. त्यांची झोप गेली. जेवताना घास हातात धरून बसायच्या. कबरीवर मेणबत्त्या लावायच्या दिवशी मुलीच्या कबरीपाशी जायच्या, पण उभं न राहता घाईघाईनं निघायच्या, कुणी हटकेल की काय अशा. मी विचारलं तर काही नाही म्हणायच्या. दोन वर्षांत अंथरुणाला लागल्या.

मी अगोदरच तयारी करून ठेवली होती. गावोगाव विचारून खरं मेण मिळवलं, गाळून गाळून स्वच्छ केलं, मेणबत्ती ओतली, फेब्रुवारीच्या सणाला नेऊन आशीर्वाद घेतला. ती जुनी नव्हे, पण वास तोच होता. त्यांची वेळ आली तेव्हा पेटवून त्यांच्या हातात दिली, वरून माझा हात धरला. म्हटलं, आई, वास घ्या, तसंच मेण आहे, ती ओळखेल तुम्हाला. मला वाटलं होतं, आता तरी चेहरा सैल पडेल.

त्यांनी मेणबत्तीकडे बघितलंच नाही. माझं मनगट घट्ट पकडलं, एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"ते माझ्याआधी पोचले गं. तिला माझ्याविषयी काय सांगितलं असेल त्यांनी?"

मी म्हटलं, आई, बाबा असं काही सांगणार नाहीत. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या माणसाला आम्ही दोघी चांगल्या ओळखत होतो.